समिती आहे, सहभाग कोठे आहे?

आरोग्य खाते आणि लोक यांनी एकमेकांच्या साहाय्याने गावाचे आरोग्य सुधारावे, हे वाक्य गेल्या वीस वर्षांत इतक्या व्यासपीठांवरून उच्चारले गेले आहे की, ते ऐकताना आता कोणी मान वर करून पाहतही नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्याबरोबर लोकसहभागाची एक मोठी यंत्रणा कागदावर उभी राहिली. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिच्या हाती वर्षाकाठी दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती. गावात आशा स्वयंसेविका. पुढे उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले, २०२३ मध्ये त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर असे ठेवण्यात आले आणि तेथे सरपंचांच्या अध्यक्षतेखाली जन आरोग्य समिती आली. समित्यांची उणीव आहे, असे बुलढाणा जिल्ह्यात तरी कोणासही म्हणता येणार नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. लसीकरण, गर्भवतींची नोंद, कुटुंबकल्याण ही ठरलेली कामे या यंत्रणेकडून कमी-अधिक प्रमाणात होतात. परंतु ज्या दिवशी गावात असे काही घडते की ज्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत छापलेले नसते, त्या दिवशी खाते आणि गाव यांच्यातील हे नाते किती खरे आहे ते कळते. आपल्या जिल्ह्यावर असा दिवस डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आला.

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. गळू लागले म्हणजे विंचरताना चार केस अधिक आले, असे नव्हे. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे, मग हाताने ओढताच पुंजकेच्या पुंजके निघून येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, स्त्रिया, मुले, कोणीही त्यातून सुटले नाही. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आरोग्य खात्याने घरोघरी पाहणी केली तेव्हा तीन गावांत पन्नासच्या आसपास रुग्ण आढळले. पुढे गावांची आणि रुग्णांची संख्या वाढत गेली. आधी बुरशीजन्य संसर्गाचा संशय घेण्यात आला, मग शाम्पूचा, मग पाण्याचा. पाण्याच्या तपासणीत नायट्रेटचे व क्षारांचे प्रमाण अधिक असल्याचे सांगण्यात आले. जानेवारीच्या मध्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि एम्स येथील तज्ज्ञांची पथके आली. रक्त, केस, पाणी इत्यादींचे नमुने घेऊन गेली.

दरम्यान वृत्तवाहिन्यांनी या विकाराचे बारसे करून टाकले होते: ‘टक्कल व्हायरस’. विषाणूचा काडीमात्र पुरावा नसताना लावलेल्या या नावाने जे केले, ते कोणत्याही विषाणूने केले नसते. रुग्णांत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि तरुण मुली पुष्कळ होत्या. कोणाचे शिक्षण खंडित झाले, कोणाचे ठरलेले लग्न अडले. केस पुढे अनेकांचे पुन्हा उगवू लागले. अडलेली लग्ने तशी आपोआप उगवत नाहीत.

या प्रकरणाचा उलगडा करण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न झाला, तो शासकीय चौकटीच्या बाहेरून. मूळचे जालना जिल्ह्यातील आणि महाड येथे विंचूदंशावरील उपचाराने कीर्ती मिळविलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वखर्चाने या गावांत अभ्यास केला. १८ गावांतील २७९ रुग्णांविषयी त्यांनी मांडलेला निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळले, जस्ताचे प्रमाण मात्र लक्षणीय घटलेले होते; आणि या सेलेनियमचा उगम स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हात असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या गव्हातील सेलेनियम स्थानिक वाणाच्या मानाने सुमारे ६०० पट असल्याचे त्यांनी सांगितले. शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर, नवांशहर या भागांतील काही जमिनींत सेलेनियम अधिक असते, ही मृदाशास्त्रज्ञांना जुनीच ठाऊक असलेली गोष्ट आहे. या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले, आणि शास्त्रीय चर्चेत ते घेतले जाणारच. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच परिसरातील काही जणांची नखे ठिसूळ होऊन गळू लागली, आणि तोवरही केंद्रीय पथकाचा अहवाल गावकऱ्यांच्या हाती आलेला नव्हता. ज्यांनी रक्त दिले, केस दिले, घरातील पाणी दिले, त्यांना त्या रक्तात काय सापडले हे वर्तमानपत्रांतून, तेही दुसऱ्याच एका डॉक्टरांच्या अभ्यासावरून, समजून घ्यावे लागले.

यास सहभाग म्हणता येईल काय? नमुने देणे हा सहभाग नव्हे. तो तर रुग्ण प्रत्येक रुग्णालयात करतोच.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांस येथे चरकसंहितेतील विमानस्थानाचा तिसरा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. परंतु तो अग्निवेशाच्या शंकेपासून पुन्हा वाचण्यासारखा आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ गंगातीरी शिष्यांसह फिरत असताना पुनर्वसु आत्रेय येऊ घातलेल्या जनपदनाशाची चाहूल देतात आणि भूमीचा रस बिघडण्याआधी औषधी गोळा करून ठेवण्यास सांगतात. तेव्हा अग्निवेश विचारतो की, माणसांची प्रकृती भिन्न, आहार भिन्न, देह, बल, सात्म्य, सत्त्व, वय सारेच भिन्न, असे असताना एकाच व्याधीने एकाच वेळी अवघे जनपद कसे उद्ध्वस्त होईल? आत्रेयांचे उत्तर असे की, हे सारे भिन्न असले तरी काही भाव सर्वांना समान असतात: वायू, उदक, देश आणि काल. ते बिघडले की समान काळी समान लक्षणांचे रोग उद्भवतात. आणि त्या बिघाडाचे मूळ शोधत आचार्य अखेरीस देश, नगर, जनपद यांच्या प्रमुखांच्या अधर्माचरणापर्यंत जातात, हेही विसरू नये.

आता शेगावकडे पुन्हा पाहा. अग्निवेशाने जी भिन्न गोष्टींची यादी सांगितली तीत आहार आहे. त्या काळी ते खरेच होते; ज्याच्या-त्याच्या शेतातले, ज्याच्या-त्याच्या कोठारातले धान्य. वऱ्हाडातही दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत तेच होते. ज्वारीची भाकरी, घरची तूर, आणि गहू पोळ्यापुरता, पुरणापुरता. आज राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेले, एकाच गोदामातून उतरलेले धान्य एका गावातील बहुतेक चुलींवर एकाच महिन्यात शिजते. गरिबाच्या पोटाला या योजनेने आधार दिला, त्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण आहार हा भिन्न भाव राहिला नाही, तो वायू आणि उदकाच्या पंक्तीला जाऊन बसला. आत्रेयांच्या चार भावांत हा पाचवा आम्हीच बसवीत आहोत, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु शास्त्राच्या तत्त्वाला त्याने बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. केस आणि नखे ही दोन्ही अस्थिधातूच्या मलांत गणलेली आहेत. एका गावात आधी केस आणि नंतर नखे गळतात, तेव्हा त्वचेवर लेप सुचविण्याआधी वैद्याची दृष्टी धातुपोषणाकडे, म्हणजेच ताटाकडे वळावी, एवढी दिशा शास्त्र आपल्याला देते. सेलेनियम मात्र प्रयोगशाळाच मोजू शकते. दोघांनी एकमेकांची जागा घेण्याचे कारण नाही.

आता शासकीय रचनेकडे वळू. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा नमुना जलसुरक्षक घेतो. स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. हे कार्ड मुख्यत्वे स्रोताच्या परिसराची स्वच्छता पाहून दिले जाते, त्यामुळे हिरवे कार्ड मिळालेले पाणी खारे नसेलच, असे नाही. जलजीवन अभियानात गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. रेशनच्या धान्यावर देखरेख करण्यासाठी गावपातळीवर दक्षता समिती आहे. आरोग्यासाठी वर सांगितलेल्या समित्या आहेत. म्हणजे पाणी एका खात्याचे, धान्य दुसऱ्याचे, रोग तिसऱ्याचे. सरपंच तिन्हीकडे असतो आणि बहुधा सभासदही तेच ते असतात, परंतु कागद तीन वेगवेगळ्या कार्यालयांत जातात आणि तेथे एकमेकांना कधी भेटत नाहीत. शेगावच्या बाबतीत संशयाची सुई आधी पाण्यावर आणि त्वचेवर फिरली, यात आश्चर्य नाही. आरोग्य खात्याला ज्या गोष्टी तपासण्याची सवय आहे, त्या त्याने आधी तपासल्या. गव्हाचे पोते कोणाच्याच तपासणीच्या यादीत नव्हते. ‘तुमच्याकडे गेल्या दोन महिन्यांत नवे काय आले?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी गावाच्या बायकांना विचारला गेला असता, तर निदान संशयितांच्या यादीत धान्य लवकर आले असते. दळण कोणत्या गव्हाचे आणि कधीचे, हे घरातील स्त्रीइतके कोणास ठाऊक असते?

लोकांना विचारणे म्हणजे काय, याचे एक चांगले उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख प्रक्रिया सुरू झाली, ती प्रथम पाच जिल्ह्यांत: पुणे, ठाणे, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि अमरावती. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्यपातळीवरील समन्वय होता. अमरावती जिल्ह्यात अपेक्षा होमिओ सोसायटी, मेळघाटात ‘खोज’ यांसारख्या संस्थांनी ते काम केले. पद्धत साधी होती. गावकरी स्वतः आरोग्यसेवेची प्रगतिपत्रके भरत. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. निरक्षर माणसालाही वाचता येईल असे ते पत्रक. मग जनसुनवाई होई; एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला वैद्यकीय अधिकारी, आणि सर्वांसमक्ष प्रश्नोत्तरे. औषधे बाहेरून आणावयास का लावली, परिचारिका उपकेंद्रात का राहत नाही, बाळंतीण परत का पाठविली. प्रारंभी अधिकाऱ्यांना हा अपमान वाटला, हे उघड आहे. परंतु फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या तसे अनेक ठिकाणी लालचे पिवळे आणि पिवळ्याचे हिरवे झाले; आणि कित्येक प्रामाणिक वैद्यकीय अधिकाऱ्यांना असेही दिसून आले की, रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांबद्दल आपण वर्षानुवर्षे वरिष्ठांना लिहीत होतो, ते गावाने एकदा उच्चरवाने सांगितल्यावर लवकर ऐकले जाते. ही प्रक्रिया पुढे आणखी जिल्ह्यांत गेली. तिचा वेग मधल्या काळात मंदावला, कारण निधी शासनाचा आणि टीकाही शासनावरच, हा संसार फार काळ सुखाचा होत नाही.

दुसरे उदाहरण वैद्यकाच्या बाहेरचे, परंतु आरोग्याचेच. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात शासनाने जवळजवळ पैसाच दिला नाही. दिले ते बक्षीस, तेही काम झाल्यावर. तरीही गावेच्या गावे झाडू घेऊन बाहेर पडली. वऱ्हाडच्या मातीला याचे नवल वाटू नये. गाडगेबाबा याच मातीतले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्यास स्वतंत्र अध्याय दिला, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आजही आपल्या अनेक गावांत आहेत. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची वैद्यकीय सेवा सर्वश्रुत आहे. हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमाची रुग्णसेवाही तशीच. लोकांनी उभ्या केलेल्या विश्वासाच्या या जागा आहेत. आरोग्य खात्याच्या पत्रकावर विश्वास ठेवावयास कचरणारा माणूस हरिपाठानंतर मंदिराच्या ओट्यावर सांगितलेली गोष्ट ऐकतो. टक्कल हा संसर्ग नाही, शेजाऱ्याला वाळीत टाकू नका, ही एकच गोष्ट जानेवारी २०२५ मध्ये प्रत्येक गावच्या भजनी मंडळाकडून सांगितली जाण्याची व्यवस्था असती, तर ‘व्हायरस’ या शब्दाला इतका पूर आला नसता.

या सगळ्यात आपला वैद्यसमाज कोठे आहे? तो नेमका मध्यभागी आहे, आणि याची दखल ना खात्याने पुरती घेतली आहे, ना आपल्या संघटनांनी. तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांत दवाखाना चालविणारे बहुसंख्य चिकित्सक बी.ए.एम.एस. किंवा अन्य भारतीय पद्धतींचे पदवीधर आहेत. रुग्ण प्रथम त्यांच्याकडे जातो. सरकारी दवाखाना नंतर. शिवाय २०१८ नंतर उपकेंद्रांवर नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारीही महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून, पंचवीस हजार मानधन आणि कामगिरीवर पंधरा हजारांपर्यंत अधिक, अशा कंत्राटी अटीवर ते रुजू झाले. जन आरोग्य समितीचा सदस्य सचिव हाच अधिकारी असतो. म्हणजे खात्याच्या बाजूने समिती बोलावणारा आपला, आणि गावाच्या बाजूने पहिली नाडी पाहणारा तोही आपला. जून २०२४ मध्ये तर बुलढाण्याच्या खासदारांकडेच, श्री. प्रतापराव जाधव यांच्याकडे, केंद्रीय आयुष मंत्रालयाचा स्वतंत्र कार्यभार व आरोग्य मंत्रालयाचे राज्यमंत्रिपद आले. याहून अनुकूल ग्रहमान कोणत्या जिल्ह्याला लाभावे?

तरीही खासगी वैद्याला आपल्या दवाखान्यात दिसलेली विलक्षण गोष्ट कोणास कळवावी, याचा सरळ मार्ग नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ पासून आहे. त्याची माहिती मुख्यत्वे शासकीय केंद्रांतून आणि काही निवडक खासगी रुग्णालयांतून येते. क्षयरोगाच्या बाबतीत मात्र २०१२ च्या आदेशाने प्रत्येक खासगी चिकित्सकावर नोंदणीचे बंधन आले, पुढे ‘निक्षय’ प्रणालीत नोंद करणाऱ्यास प्रोत्साहन रक्कमही मिळू लागली, आणि खासगी क्षेत्रातून येणाऱ्या नोंदी भराभर वाढल्या. मार्ग असला की लोक चालतात. आम्ही बंधनाची मागणी करीत नाही. एक दूरध्वनी क्रमांक आणि तो उचलणारा माणूस, एवढेच आम्ही मागतो.

यावर आमच्या काही व्यवसायबंधूंचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात की, खात्याशी जवळीक केली की तपासणीचा ससेमिरा मागे लागतो. दवाखान्याची नोंदणी, जैववैद्यकीय कचरा, आधुनिक औषधांचा वापर, एकेक फाइल उघडते. ही भीती खोटी नाही आणि ती घालविण्याचे काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचेच आहे: माहिती देणाऱ्याची चौकशी प्रथम होणार नाही, असे त्यांनी आपल्या संघटनेला लेखी कळवावे. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. खात्यातील काही मंडळी म्हणतात की, वैद्यांना सोबत घ्यावे तर ते केसांच्या तेलाची आणि काढ्याची जाहिरात करण्यासच निमंत्रण मिळाल्यासारखे वागतील. हा आक्षेप कटू आहे. पण साथ आली की बाजार येतोच, आणि त्या बाजारात आयुर्वेदाचे नाव सर्वांत स्वस्तात विकले जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून आमची सूचना अशी की, कारण निश्चित होईपर्यंत संघटनेच्या कोणत्याही शाखेने साथग्रस्त गावात औषधवाटपाचे शिबिर घेऊ नये. शिबिराने छायाचित्र मिळते. त्या गर्दीत रुग्णाचा इतिहास मात्र हरवतो. त्याऐवजी चार वैद्यांनी चार दिवस प्रश्नपरीक्षा करावी. आपल्या प्रश्नपरीक्षेत आहाराची जितकी बारीक चौकशी आहे तितकी अन्य कोणत्याच पद्धतीत नसेल. फक्त ‘किती’ आणि ‘केव्हा’ याबरोबर ‘कोठून आले’ हाही प्रश्न तीत जोडावयास हवा.

शेगावचे प्रकरण अकस्मात घडले म्हणून गाजले. परंतु त्याच पूर्णेच्या खोऱ्यात एक संथ आपत्ती अनेक वर्षे चालू आहे आणि तिला कोणी ‘व्हायरस’ म्हणत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. आपल्याकडे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील गावे त्यात येतात, आणि जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांविषयी वर्षानुवर्षे बोलले जात आहे. वान प्रकल्पाच्या पाण्यावर १४० गाव पाणीपुरवठा योजना उभी राहिली. तिचे पाणी कोठे पोहोचले, कोठे अनियमित पोहोचले आणि कोठे लोक आजही विहीर-कूपनलिकेवर आहेत, हे त्या-त्या गावाला विचारल्याशिवाय कळणार नाही. खारे पाणी हेच एकमेव कारण, असे म्हणण्याइतका पुरावा आपल्यापुढे नाही. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, शेतातील कीटकनाशके, उन्हात पाण्यावाचून केलेले श्रम, मधुमेह, रक्तदाब या सर्वांचा विचार करावा लागेल. परंतु कोणत्या गावात, कोणत्या स्रोताचे पाणी पिणाऱ्या किती जणांना हा विकार जडला, याची सलग नोंद हाती असल्याशिवाय तो विचार सुरूच होऊ शकत नाही. ही नोंद दिल्लीहून येणारे पथक आठ दिवसांत करू शकत नाही. ती करू शकतो तो त्याच गावात वीस वर्षे दवाखाना चालविणारा वैद्य, ज्याला रुग्णाचे घर, त्याची विहीर आणि त्याचा बापही ठाऊक असतो.

बुलढाणा येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला. तेथील समुदाय वैद्यक विभाग, जिल्हा आरोग्य कार्यालय आणि आपली संघटना यांनी एकत्र बसून या एका विकारापुरती तरी समान नोंदपद्धती ठरवावी, असा प्रस्ताव आम्ही या लेखाद्वारे मांडीत आहोत. आशा स्वयंसेविकांवर आणखी एक फॉर्म लादून हे काम उरकू नये. त्यांच्या मानधनाचे प्रश्न २०२३-२४ च्या संपात सर्वांनी पाहिले आहेत. जी माहिती निघेल ती दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत, मराठीत, फलकावर मोठ्या अक्षरांत मांडली जावी. आणि ज्याचा नमुना घेतला त्याला त्याचा निकाल पंधरा दिवसांच्या आत त्याच्या घरी मिळावा, ही अट संघटनेने प्रारंभीच घालावी. ही अट मान्य नसेल तर आपण त्या उपक्रमात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आरंभ चार तालुक्यांपासून व्हावा: शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि नांदुरा. प्रत्येक तालुका शाखेने पावसाळ्यापूर्वी इच्छुक वैद्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. नोंदवहीला रकाने थोडेच असावेत, म्हणजे ती भरली जाईल: रुग्णाचे गाव व वय, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि तो किती वर्षांपासून, धान्य घरचे की दुकानाचे, वेदनाशामक औषधे घेतो काय व किती, क्रिएटिनिनची तपासणी झाली असल्यास दिनांक व निकाल. रुग्णाचे नाव वैद्याकडेच राहावे, पुढे जाऊ नये. वही शंभर पानी पुरे.